निळी कोर

नखाच्या मुळाशी एक पांढरी कोर असते. अंगठ्यावर ती ठळक दिसते, करंगळीवर बहुधा दिसतच नाही. श्रीपाद नेर्लेकरांच्या उजव्या अंगठ्यावरची कोर त्या सकाळी निळी झाली होती. शाईसारखी गडद नाही. पांढऱ्या सदऱ्याला नीळ जरा जास्त झाली की जसा दिसतो, तशी.

डॉ. हेमलताने भावाचा हात खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिला.

"लग्नाच्या वयात कोणी नखं रंगवली नाहीत माझी," श्रीपाद म्हणाला. "आता तुझ्या जंतूंनी हौस भागवली."

"दादा, काल बाहेर काही खाल्लंस?"

"नाही गं. तुझी वहिनी खाऊ देते होय? सकाळी मेतकूट-भात, रात्री भाकरी. दुधाच्या केंद्रावर पिशवी घ्यायला हात पुढे केला आणि तिथला नखं बघणारा कॅमेरा ओरडला. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. दूधवाला शपथा घेत होता बिचारा."

ते जंतू खरोखरच हेमलताचे होते. साक्षीजंतू हे त्यांचं सरकारी नाव. दरवर्षी प्रत्येकाला दवाखान्यात चमचाभर दह्यातून ते दिले जात, म्हणून लोक त्यांना विरजणच म्हणत. विरजण आतड्यात मुरलं की पोटात येणारं अन्न तपासत राही. अन्नात नसावं असं काही आढळलं, म्हणजे डाळीतला कापडाचा रंग किंवा दुधातला युरिया, तर ते एक रंगद्रव्य रक्तात सोडी आणि नखाची कोर निळी होई. निळं नख हीच तक्रार. ती कोणाला करावी लागत नसे आणि कोणाला मागेही घेता येत नसे. साक्षीदार फितवता येतो, आतडं फितवता येत नाही, असं हेमलता व्याख्यानात सांगायची तेव्हा लोक हसायचे आणि मग टाळ्या वाजवायचे.

औषधांसाठी वेगळी सोय होती. प्रत्येक गोळीवर ओळखीचं पातळ आवरण असे. ते ओळखलं की साक्षीजंतू गप्प बसत. गोळी कुटली की मात्र आवरण मोडे आणि औषध परकं ठरे. हे मुद्दामच केलेलं होतं. एसटीत गुंगीची बिस्किटं चारून प्रवाशांना लुटणाऱ्या टोळ्या त्यामुळेच बंद पडल्या होत्या. जुन्या विरजणाला अशी कुटलेली थोडीच औषधं पकडता यायची. या वर्षीचं सगळी पकडत होतं.

हेमलता स्वयंपाकघरात गेली. विजयावहिनी ओट्याकडे तोंड करून उभी होती. धुतलेलीच वाटी ती पुन्हा धूत होती.

"वहिनी, भेसळखात्याचे अधिकारी जेवणाआधी पोचतील. माझ्याशी तरी बोल."

विजयाने नळ बंद केला. "गोळी कुटून मेतकुटात घालते. मेथीच्या कडवटपणात तिचा कडूपणा लपतो."

हेमलता स्टुलावर बसली. दादाचं आजारपण तिला आठवलं. अन्नात कोणीतरी काहीतरी कालवतंय, या एकाच विचाराने त्याला पछाडलं होतं. तेव्हा तो स्वतः फोडलेला नारळ आणि स्वतः सोललेली केळी यांवर जगत होता. विजयाने वाढलेलं ताट त्याने अंगणात भिरकावलं होतं. मग हळूहळू तो बरा झाला. पुन्हा शाळेत भूगोल शिकवू लागला. आपोआप बरा झाला, असं सगळे समजले.

"डॉक्टर म्हणाले होते, गोळी घेत नसतील तर आत्ता अशीच द्या, बरे झाले की सांगा. बरे झाले. मग वाटलं, दिवाळी होऊ दे. मग वाटलं, शाळेची परीक्षा होऊ दे. कसं सांगू हेमा? तुम्हाला ज्याचा भास व्हायचा ना, तेच मी करते, असं?"

"भेसळीच्या कायद्यात तू अन्नदाता आहेस."

"मी बायको आहे त्यांची."

"दुसऱ्याला अन्न देणारी कोणतीही व्यक्ती, असं लिहिलंय. मंगल कार्यालयाचे आचारी सुटू नयेत म्हणून तो शब्द घातला. त्यात घर येईल हे कोणाच्या लक्षात आलं नाही."

"मग तू सांग ना त्यांना, की विरजणच बिघडलं. तुझा शब्द कोण मोडणार?"

कोणीच मोडला नसता. एक फोन पुरला असता. पण त्याच महिन्यात एका आश्रमशाळेतल्या मुलांची नखं निळी झाली होती. ठेकेदार त्यांना रंगवलेली डाळ घालत होता. नवं विरजण चुकू शकतं, एवढं एकच वाक्य त्याच्या वकिलाला हवं होतं.

"दादाचं नख खोटं ठरवलं, तर त्या पोरांचीही खोटी ठरतील," हेमलता म्हणाली. "एकच वाट आहे. खाणाऱ्याला माहीत असेल, तर ती भेसळ नाही. कायद्यात भेसळ म्हणजे पदार्थ नव्हे, वहिनी. न सांगणं."

"काय सांगायचंय?" श्रीपाद दारात उभा होता.

विजयाने पदराला हात पुसले. ती खाली बघून बोलली, पण सगळं बोलली. गोळीचं नाव, मेतकूट, मेथी. मधे थांबली नाही.

श्रीपादने दाराची चौकट धरली. आता तो ओरडेल, ताटं भिरकावेल, असं हेमलताला वाटलं. पण त्याचा आवाज वर्गात प्रश्न विचारताना असायचा तसा होता.

"मी ओरडायचो, तेव्हाही घालायचीस?"

"नाही हो. तेव्हा काहीच नव्हतं अन्नात. त्याच्यानंतर."

"म्हणजे मला वेड लागलं होतं तेव्हा ताट स्वच्छ होतं. आणि मी शहाणा झालो, निर्धास्त जेवायला लागलो, तेव्हापासून..."

तो बाहेरच्या खोलीत जाऊन बसला.

अधिकारी रेहाना तांबोळी आल्या. वयाने लहान, आवाजाने मऊ. हेमलताला ओळखून त्या जरा संकोचल्या, पण काम त्यांनी सोडलं नाही. श्रीपादच्या अंगठ्यावर छोटं यंत्र टेकवून त्यांनी त्यावरची नोंद वाचली.

"सर, तुमच्या अन्नात औषध सापडलंय. तुम्हाला हे माहीत होतं का?"

श्रीपाद अंगठ्याकडे बघत राहिला.

"सर?"

विजया भिंतीला टेकून उभी होती. बोलू नये म्हणून तिने ओठ घट्ट मिटले होते.

"घाई नाही," तांबोळी म्हणाल्या. "माहीत असेल तर प्रकरण इथंच मिटेल. नसेल तर बाईंना माझ्यासोबत यावं लागेल. आणि एक सांगायचं असतं प्रत्येकाला. घरच्या अन्नावर भरवसा उरला नसेल, तर सरकारी सीलबंद डबा मिळतो. दोन्ही वेळचा."

शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. श्रीपादने विजयाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं हेमलताला वाटून गेलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तिने माझ्यापासून काही लपवलं नाही. तसंच लिहा."

विजयाच्या तोंडून हुंदका फुटला. तांबोळींनी मान डोलावली आणि उठायला हात टेकला.

"बसा," श्रीपाद म्हणाला. "गोळी मी घेईन. आवरणासकट, माझ्या हाताने. पण मला आजपासून तो डबा सुरू करा."