चिमटूच्या प्रसंगाला कडकड का झाली?

माझ्या शेजारचा मुलगा रडून रडून शर्टाच्या बाहीला नाक पुसत होता. मीही काही कमी रडत नव्हते. आणि सिनेमा संपल्यावर नोंद्या शांतपणे म्हणाला, "चिमटूच्या प्रसंगाला प्रेक्षक कंटाळले. तो कापावा."

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

आधी कोण कोण ते सांगते. नोंद्या म्हणजे आमच्या आबांनी बनवलेला रोबो. आबा माझ्या आईचे वडील. यंत्रांना माणसांच्या भावना ओळखायला शिकवणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. नोंद्या थिएटरच्या कोपऱ्यात उभा राहतो आणि लोक कुठे हसले, कुठे दचकले, कुठे कंटाळले ते सांगतो. हल्ली त्याला विचारल्याशिवाय कुणी सिनेमा बाहेर काढत नाही.

आणि सिनेमा होता केतकीमावशीचा, म्हणजे आबांच्या धाकट्या लेकीचा. रोबोंची कार्टूनगोष्ट. त्यात चिमटू नावाचा एवढासा रोबो स्वतःची बॅटरी काढून एका म्हाताऱ्या रोबोला देतो. त्या एका प्रसंगापायी मावशी वर्षभर धड जेवली नव्हती. संध्याकाळी सिनेमा प्रदर्शनासाठी पाठवून द्यायचा होता, म्हणून त्याआधी गडहिंग्लजच्या थिएटरात लोकांना दाखवून बघितला. तर हे असं.

"कापते," मावशी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता.

"अगं, पण सगळे रडले ना!"

"पुढे तुम्ही पोरं रडलात, ऋजुता. मागच्या रांगा कंटाळल्या. आबांचं यंत्र आहे, ते चुकायचं नाही."

आबा शेजारीच होते. त्यांनी सिनेमा आवडला असंही म्हटलं नाही, नाही आवडला असंही नाही. चहा प्यायला म्हणून बाहेर निघून गेले. मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू.

मी नोंद्याला गाठलं. "कंटाळले हे तुला कसं कळलं?"

"आधी मी बघतो आणि ऐकतो. मग ते माझ्या नमुनासंचाशी (यंत्राला शिकवायला जमवलेली उदाहरणं) ताडून पाहतो. ज्याच्याशी जुळेल ते उत्तर."

"मग मागे काय ऐकलंस?"

"कडकड. अख्ख्या रांगेनं एकदम बोटं मोडल्याचा आवाज. माझ्या नमुन्यांत बोटं मोडणारी माणसं कंटाळलेली असतात."

मला तर वाटलं होतं, कुणीतरी पापड खातंय. पण आता आणखीच गोंधळ झाला. एकट्यादुकट्याला कंटाळा येईल, मान्य. अख्ख्या रांगेला एकाच क्षणी कसा येईल? कंटाळा काय शाळेची घंटा आहे, सगळ्यांना एकदम ऐकू यायला?

"आपण त्यांनाच विचारू या," मी म्हटलं.

"विचारणं माझ्या कामात नाही," नोंद्या म्हणाला. तरी आला माझ्या मागून.

बाहेर चहाच्या टपरीपाशी मागच्या रांगेतल्या आज्या उभ्या होत्या. त्यातल्या हौसाक्कांना मी सरळच विचारलं, "चिमटूनं बॅटरी दिली तेव्हा तुम्हाला कंटाळा आला का हो?"

"कंटाळा? मला?" हौसाक्का बघतच राहिल्या. "अगं, काय गुणाचं लेकरू ते! सोताची बॅटरी काढून दिली की गं त्यानं. दृष्ट लागंल अशा लेकराला. म्हणून असं केलं बघ."

त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडकड.

"कंटाळा," मागून नोंद्या म्हणाला.

"ह्यो काय म्हनतोय?" हौसाक्कांनी विचारलं.

बाकावर बसलेल्या आबांनी हातातला कप खाली ठेवला. "माझी आई असंच करायची," ते म्हणाले. "मी वसतिगृहावर परत निघालो की, दर वेळी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग नोंद्याला का नाही शिकवलंत?"

"नमुने माझ्या विद्यार्थ्यांचे घेतले गं. दिवसभर खुर्चीत बसून आळोखेपिळोखे देणारी पोरं ती. आजी एकही नव्हती त्यात. यंत्राला जे दाखवावं तेच ते शिकतं. जे दाखवलं नाही, ते त्याच्या लेखी जगातच नसतं. शिवाय ह्यानं नुसता आवाज ऐकला, संदर्भ (गोष्ट कुठे, कधी, कुणासमोर घडली ते) पाहिलाच नाही."

"पण दृष्ट खरंच लागते का, आबा?"

"छे. बोटं मोडून दृष्टबिष्ट काही जात नाही. माया मात्र कळते."

नोंद्याचे दिवे मिचमिचले. "म्हणजे मी चुकलो?"

"मी चुकलो," आबा म्हणाले. "आता हौसाक्कांसारख्यांकडून नवे नमुने घेऊ. आणि तूही नुसता मोजत बसू नकोस. अडलं की माणसाला विचारत जा."

"चहा पाजनार असाल तर शिकवते की," हौसाक्का म्हणाल्या.

आम्ही धावतच आत गेलो. मावशी पडद्यासमोर बसली होती. चिमटूचा प्रसंग तिनं निवडून ठेवला होता, एक कळ दाबायची तेवढी बाकी होती.

"थांब मावशी, ते कंटाळले नव्हते!" मी धापा टाकत सगळं सांगितलं. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

आबांनी पुढे होऊन लेकीच्या चेहऱ्यावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. संधिवातानं आखडलेली बोटं ती, एकच कसंबसं मोडलं.

नोंद्यानं ऐकलं. या वेळी मात्र जरा पुढे सरकून त्यानं विचारलं, "केतकीताई, ह्याची नोंद काय करू?"

मावशीनं कळीवरचा हात कधीच काढला होता. त्याच हातानं तिनं डोळे पुसले.

"लिही," ती म्हणाली, "आबांना सिनेमा आवडला."