रोहिणीला शोधताना

निवारा केंद्राच्या फाटकातून धनश्री धावतच बाहेर पडली ती थेट एका मोटारसायकलसमोर!

"अहो सिस्टर, माझ्याच गाडीखाली यायचं ठरवलंय का?"

तो सहादेव. सोनई गावचा. धनश्रीसारखाच नर्सिंग शिकणारा, पण दुसऱ्या कॉलेजात. बेघर आयांच्या त्या केंद्रात आजपासून त्याचीही ड्यूटी होती.

"इथली रोहिणी बाळाला घेऊन निघून गेलीय... त्याला न्यूमोनिया आहे, औषधं इथंच राहिलीत—"

"बसा मागे."

ड्यूटी संपली की तीन दिवस दोघं नगरभर हिंडले. रेल्वे स्टेशन, देवळांच्या पायऱ्या, भिंगारचा बाजार. अवकाळी भुरभुर चालूच होती. गारठलेली तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतायची.

"नीट धरा, पडाल."

"पडले तर उचलाल ना?"

"उचलेन की... पण मग खाली ठेवणार नाही."

ती हसली. आणि हसल्याचीच तिला लाज वाटली.

टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, "आमच्या वर्गातले या बायकांना बघून नाक मुरडतात. तू वेगळी आहेस, धनश्री."

तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. सांगायला हवं होतं ते तिच्या ओठांवर आलं... आणि तिनं चहाबरोबर गिळलं.

चौथ्या दिवशी रोहिणी सापडली, नेवाशाच्या एसटी स्टँडवर. मांडी रिकामी.

"परवा गेलं, ताई. लई धाप लागली हुती."

धनश्रीनं खाली बसून रोहिणीचे पाय धरले, "परत चल," एवढंच म्हणत राहिली. बऱ्याच वेळानं रोहिणी उठली.

सहादेवनं धनश्रीला बाजूला नेलं. "रडू नकोस. इतकं कुणी शोधलं असतं तिला? मला... जन्मभर तुझ्यासोबत राहायचंय."

तिनं हात सोडवून घेतला. "मीच बोलले होते तिला. सांभाळता येत नाही तर पोरं जन्माला कशाला घालता, म्हणून. त्याच रात्री ती गेली."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तू आवडायला लागलास... सांगवेना."

त्यानं दोघींना एसटीत बसवून दिलं. घोडेगावपर्यंत त्याची गाडी खिडकीतून दिसत राहिली, मग फाट्यावरून सोनईकडे वळली.

"त्ये येनार न्हाईत?" रोहिणीनं विचारलं.

"नाही."

रोहिणीचा ब्लाऊज दुधानं भिजला होता. ती पदरानं झाकू लागली. धनश्रीनं आपली शाल काढून तिच्याभोवती लपेटली.

"दुखतंय?"

"व्हय."

"पोचल्यावर शेक देते. मीच देते."

रोहिणीनं शाल घट्ट ओढून घेतली. धनश्रीकडे मात्र बघितलं नाही.