रुजवात

आयुष्यभर मी फाइल सेव्ह करून मगच खुर्चीवरून उठले. बेबीताईने माझ्या छोट्या लॅपटॉपमध्ये टाकून दिलेली ही नवी सिस्टिम मात्र मला न विचारताच सगळं जपून ठेवते. बंद करायचं बटण खालच्या कोपऱ्यातून उठून वर गेलंय. कचरापेटी सापडायला दोन दिवस लागले. माझ्याच स्वयंपाकघरात कुणी डबे हलवून ठेवावेत तसं झालं होतं, आणि मला नुसता संताप येत होता.

"काकू, जुनी सिस्टिम या डब्ब्यात चालूनच नाई राह्यली," बेबीताई म्हणाली होती. घाटंजीच्या बसस्टँडसमोर तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. "हे लिनक्स हाये. फुकट हाये, अन् मराठीत हाये. आठ दिवसांत होते सवय."

सवय करून घेणं भागच होतं. सोमवारी यवतमाळच्या कोर्टात माझं प्रतिज्ञापत्र द्यायचं होतं. माझे यजमान, अवधूत, सात वर्षांपूर्वी सकाळी पावणेसातच्या एसटीने राळेगावला एका वास्तुशांतीला निघाले. गाडीत चढताना मी त्यांना स्वतः पाहिलं. राळेगावला ते उतरलेच नाहीत. सात वर्षं खबर नसलेल्या माणसाला कोर्ट मृत धरतं, पण त्याआधी खबर नसल्याचं मी शपथेवर सांगायचं होतं. पुण्याहून आमची ऋचा रोज फोन करायची, "आई, एकदाचं देऊन टाक आणि मोकळी हो." वकिलांच्या टायपिस्टच्या चुका मला सोसवत नाहीत म्हणून मसुदा मीच करते, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे ते वाक्य दुसऱ्या कुणी टाइप करावं हेच मला सहन होत नव्हतं.

आम्ही दोघंही सरकारी कचेरीच्या नक्कल विभागात होतो. मी नक्कल टाइप करायची आणि अवधूत ती मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून पाहायचे. याला रुजवात म्हणतात. ओळीखाली बोट ठेवून ते इतके सावकाश वाचायचे की साहेब कावायचे. जुळलं की खाली 'बरहुकूम', म्हणजे मुळाप्रमाणेच, असं लिहून सही. रुजवातीशिवाय एकही कागद मी कधी टेबलावरून हलू दिला नाही. त्यामुळे प्रतिज्ञापत्राच्या तळाशीही बोटांनी आपसूक टाइप केलं, 'टंकलेखन – शोभा. रुजवात –' आणि पुढे जागा कोरी. जित्याची खोड, दुसरं काय! हसू आलं, पण पुसवलं नाही.

ही सिस्टिम फाइल उघडली की कर्सर जिथे सोडला तिथेच दाखवते, एवढं मला कळलं होतं. मी नेहमी तळाशी सोडायची. मंगळवारी दुपारी भाजी घेऊन आले, फाइल उघडली, तर कर्सर पहिल्या ओळीवर. उठताना हात लागला असेल, म्हटलं.

बुधवारी तो तिसऱ्या ओळीवर होता.

गुरुवारी सातव्या. त्या दिवशी लॅपटॉप बंद करायला गेले तर चौकट आली, 'आणखी एक व्यक्ती आत आहे. संगणक बंद केल्यास तिचे अपुरे काम नष्ट होईल.' खाली नाव होतं. अवधूत. सकाळी ६.४५ पासून.

मी 'रद्द करा' दाबलं आणि बेबीताईला बोलावून आणलं.

"मी तं एकच नाव टाकलंतं, काकू. तुमचं." तिने वापरणाऱ्यांची यादी उघडली. यादीत खरंच मी एकटीच होते. मग तिने बंदचं बटण दाबलं, आणि ती चौकट पुन्हा आली. तिने हात मागे घेतला.

"बंद करून टाकू काय?"

"नको. त्यांचं काम अपुरं आहे."

ती चहा न घेताच गेली. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. माणूस कुठेतरी आहे म्हणून तर वाचतोय. सोमवारी कोर्टात जायचंच नाही, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं.

शुक्रवारी आणि शनिवारी कर्सर एकाच वाक्यावर अडला होता. 'गेल्या सात वर्षांत ते हयात असल्याचे मला किंवा कोणासही कळलेले नाही.'

रविवारी सकाळी मी लॅपटॉपसमोर बसले.

"चूक असेल तर खोडा," मी म्हणाले. "चूक दिसूनही तुम्ही कधी सोडली नाही."

मग दार लोटून अंगणात जाऊन बसले. वाचताना कुणी डोक्यावर उभं राहिलेलं त्यांना चालत नसे.

तासाभराने आत आले.

वाक्य तसंच होतं. एक अक्षरही खोडलेलं नव्हतं.

कर्सर तळाशी उतरला होता. कोऱ्या जागेत लिहिलं होतं, 'बरहुकूम. अवधूत.'

मूळ पाहिल्याशिवाय त्यांनी उभ्या नोकरीत कधी सही केली नव्हती.

मी बंदचं बटण दाबलं आणि चौकटीची वाट पाहत राहिले.

या वेळी यंत्राने काहीच विचारलं नाही.