दुखण्याची वाट

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मल्लिनाथ बिराजदार म्हणाले, "दुखतंय," आणि सोलापूरच्या त्या प्रत्यारोपण केंद्राच्या अतिदक्षता कक्षात दोन परिचारिकांनी टाळ्या वाजवल्या.

भूलतज्ज्ञ डॉ. विजयश्री गुंडेटी यांनी वेळ टिपून घेतली. साडेनऊला शस्त्रक्रिया संपली होती. मोठ्या बहिणीचं मूत्रपिंड मल्लिनाथांच्या पोटात उजवीकडे खाली बसवलं होतं, आणि जखमेच्या कडेनं नवं औषध भरलं होतं : वृक्कमोची, म्हणजे मूत्रपिंडावाटे सुटणारी, भूल.

"मॅडम, पेशंटला कधी दुखतं म्हणून घड्याळाकडे डोळे लावून बसलेल्या भूलतज्ज्ञ जगात तुम्ही एकट्याच," शल्यविशारद डॉ. बागवान हसले.

"नेहमीची भूल यकृतात मोडते. ही मोडत नाही. ती फक्त चालू मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. पाच तासांत बधिरपणा उतरला, तर तुमचं काम जमलं. नाही उतरला, तर मूत्रपिंड बंद आहे."

"लघवी होतेय की."

"थोडी. ती जुन्या मूत्रपिंडांचीही असेल, ती तर आतच आहेत. सोनोग्राफीत सुजेमुळे नीट दिसत नाही."

आता दुखू लागलं होतं. म्हणजे औषध उतरलं होतं. नियमाप्रमाणे दोन वीसला गुंडेटीबाईंनी जखमेतल्या बारीक नळीतून दुसरी मात्रा सोडली. पेशंट दुखतंय म्हणाला की दुखतंय, हे त्या तेवीस वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या.

दोन अडतीसला मल्लिनाथ म्हणाले, "बाई, तोंडात लोखंड चाटल्यासारखं लागतंय. कानात काहीतरी वाजतंय."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. हृदयाच्या आलेखातल्या लाटा रुंदावत चालल्या होत्या. ही लक्षणं रक्तात भूल फार झाल्याची. पण पहिली मात्रा उतरली असेल, तर दुसरीनं एवढं व्हायला नको होतं.

"वर बघा," त्या म्हणाल्या. "जखमेवर दाबते. दुखतं का?"

त्यांचा हात जखमेच्या वीतभर वर, हवेत होता.

"आई गं! हो, लई दुखतंय."

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी जखमेच्या कडेला बोट खरोखर दाबलं, काही न बोलता. मल्लिनाथ छताकडे पाहत राहिले.

"सिस्टर, मेदद्रावण! लगेच!"

पांढरं, दुधासारखं द्रावण शिरेतून जाऊ लागलं. त्यातले स्निग्धकण रक्तात फिरतात आणि औषध स्वतःत ओढून घेतात. सात मिनिटांनी पडद्यावरच्या लाटा हळूहळू अरुंद झाल्या.

"खोटं का बोललात?"

मल्लिनाथांनी डोळे मिटले. "काल तुम्हीच सांगितलं, दुखलं म्हणजे चालू झालं. अक्का पलीकडच्या खोलीत शुद्धीवर आलीया. दर दहा मिनिटाला निरोप धाडती, दुखाय लागलं का त्याला? किती येळा नाही म्हणू? वाटलं, घटकाभरानं दुखंलच की."

डॉ. बागवान दारात आले होते. हसू गेलं होतं. "म्हणजे मूत्रपिंड बंद. त्याच्या शिरेत गुठळी असेल. आत्ता उघडलं तर मूत्रपिंड वाचेल. चारनंतर नाही."

"आत्ताच हृदय डळमळलंय. पूर्ण भूल दिली तर टेबलावर थांबू शकतं."

"आणि नाही दिली, तर ताईंचं मूत्रपिंड कचऱ्यात."

तीन एकोणीसला मल्लिनाथ ओरडले. बाईंनी त्यांच्या डोळ्यांवर रुमाल टाकला. एक अक्षर न बोलता कधी बोट लावलं, कधी नुसतंच हवेत धरलं. दहा वेळा. बोट लागलं तेव्हाच ते कळवळले, एकदाही चुकले नाहीत.

"खरंच दुखतंय! सुटलो!" डॉ. बागवान म्हणाले. "मूत्रपिंड चालू आहे."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "किंवा मेदद्रावणानं जखमेभोवतीच्या मज्जातंतूंमधलं औषधही ओढून घेतलं. दोन्हीत दुखणं सारखंच."

"मग दोन्हींतला फरक कसा कळणार?"

"लघवीतलं औषध मोजून. ती चाचणी पुण्याला होते. अहवाल उद्या."

"म्हणजे आज हा माणूस खरं बोलतोय आणि त्याचा उपयोग नाही?"

बाईंच्या मनात आलं, पहिल्यांदा तो दुखतंय म्हणाला तेव्हाच बोट लावून पाहायला हवं होतं. चाचणी रचली त्यांनी, पेशंटला उत्तर सांगून ठेवलं त्यांनी, आणि प्रश्नही विचारला होता त्यांनीच.

"बाई, आता खरंच दुखतंय हो," मल्लिनाथ दात आवळून म्हणाले. "शप्पथ. काहीतरी द्या."

"कळलं मला. पण हृदय सावरेपर्यंत काही देता येत नाही."

तीन छत्तीसला थिएटर तयार होतं. डॉ. बागवान हात धुऊन उभे होते. मूत्राचा नमुना पुण्याच्या गाडीनं निघाला होता. पूर्ण भूल देण्याच्या कागदावर डॉ. गुंडेटींनी अजून सही केलेली नव्हती.