मधली पेटी

हवानातल्या आमच्या सेर्रो वस्तीत कॉम्प्युटरचं जाळं गच्च्यांवरून पसरलेलं आहे, तेही लोकांनीच विणलेलं. तार शंभर मीटरच्या पुढे गेली की तिच्यातलं सगळं विरून जातं, म्हणून मध्ये कुणाच्या तरी घरी एक पेटी बसवावी लागते. तिच्याकडे जे येतं ते ती नव्या जोमानं पुढे ढकलते. रीत अशी, की पेटी आणि तारांची टोकं खिडकीतून आत द्यायची. आतला माणूस ओढून घेतो, वीज देतो, बदल्यात त्याला जाळं फुकट.

मी ओस्नियेलच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. घरी दायरॉन, आठ महिन्यांचा, सासूबाईंजवळ. त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागते, म्हणून मी पाळण्यावर कॅमेरा लावला. घरापासून दुकान मात्र दीडशे मीटरच्या वर.

"पेटी कुणाकडे ठेवलीस?" ओस्नियेल तार ओढून आला तेव्हा मी विचारलं.

"खाटकाच्या बंद दुकानात, इंजिनीरीणबाई. फळ्यांच्या फटीतून दिली, आतून लगेच ओढली."

"कुणी?"

"आता त्याचं ओळखपत्र मागू? पोर दिसतंय ना, झालं तर!"

दुकानातल्या लॅपटॉपवर दिसत होतं, अगदी स्वच्छ. पण दुसऱ्या दिवशी दुकानात आलेली तार बोटांना चिकटली. पिवळट चरबी, आणि तिच्यात एक लांब केस. पुसली, तरी थोड्या वेळानं पुन्हा ओशट. साबणानं चोळचोळून हात धुतले, पण वास जाईना. याच हातांनी बाळाला भरवायचं होतं.

"उंदीर असतील," ओस्नियेल म्हणाला. "नाजूकच आहेस बाई."

दुपारी सगळ्या वस्तीची वीज गेली. पंखा थांबला, घरचा कॅमेराही बंद पडायला हवा होता. लॅपटॉपवर दायरॉन पाय झाडत होता.

मी धावत सुटले.

वाटेत खाटकाचं दुकान. कुलूप गंजून गच्च. फटीला डोळा लावला. पेटी फुटून पडली होती, आत काहीच नाही. दोन्ही तारा फरशीवरच्या मोरीत उतरल्या होत्या. मोरीच्या कडा ओल्या, गुलाबी. त्या आवंढा गिळत होत्या.

मी तिथेच ओकले.

घरी सासूबाई घोरत होत्या. दायरॉनला उचललं, तार उपटली, कॅमेरा आपटून फोडला.

फोन वाजला. ओस्नियेल.

"अगं, कुठे आहेस? पोर रडून लालबुंद झालंय इथे लॅपटॉपवर. घे ना त्याला!"

दायरॉन माझ्या खांद्यावर झोपला होता.

मी हलले नाही.

"हं, घेतलंस," तो म्हणाला. "बघ, कसा गप झाला."