बेटावरचा आरसेमहाल

बेटावरचा पार्क पाडायच्या आधी एकदा बघून यावा, एवढंच लेखिकाबाईंच्या मनात होतं. जन्मभर त्यांनी त्याच्यावरच लिहिलं. घराच्या खिडकीतून खाडीपलीकडे गंजका आकाशपाळणा दिसायचा. पार्कला कुलूप लागलं तेव्हा त्या जेमतेम शाळेत जायला लागल्या होत्या. "मी तिथं कधी पाऊल टाकलेलं नाही," असं त्या सांगत, आणि वाचक तोंडात बोट घालत.

थोरल्या भावाने आधी खूप मोडता घातला. मग "एकटी नको जाऊस" म्हणत मुकाट्याने नावेत येऊन बसला.

भर दुपार, पण धुकं खाली उतरलेलं. बेटावर गंजाचा आणि कुजक्या लाकडाचा वास कोंदला होता. गवतात कुठेतरी एक साखळी किणकिणत होती. बाई तिकीटखिडकी मागे टाकून, मोडक्या घसरगुंडीला वळसा घालून थेट आरसेमहालापाशी पोचल्या.

"वाट कशी सापडली तुला?" दादाने विचारलं.

"इतकी पुस्तकं लिहिली. डोळे मिटून चालेन."

दादा घुटमळला. मग दबक्या आवाजात म्हणाला, "आपण आलो होतो इथे. तू ह्यात शिरलीस आणि हरवलीस. दिवस मावळताना सापडलीस. तुला सांगायचं नाही, अशी आईने शपथ घातली होती."

"सापडले ना? मग झालं तर!"

"सापडलीस... पण तोवर तू डावखुरी होतीस."

बाई हसायला गेल्या. पण नजर आपल्या उजव्या हाताकडे गेली; सगळी पुस्तकं त्याच हाताने लिहिली होती.

तेवढ्यात आतून, फुटक्या काचांमागून, लहान मुलीचा आवाज आला. घाबरलेला नव्हता, वाट बघून कंटाळलेला होता.

"दादा... किती उशीर केलास रे..."

"आलो ग, आलो!" सत्तरी ओलांडलेला तो माणूस पोरासारखा धावला. बाईंनी त्याची बाही धरली. ती झटकून तो आत गेला. त्यांनी हाका मारल्या, पण आत जायला पाय काही उचलेना.

बऱ्याच वेळाने तो बाहेर आला. चेहरा निवांत. एक हात अंगापासून जरा लांब, खाली, काहीतरी धरल्यासारखा मिटलेला.

"चल घरी," तो म्हणाला. बाईंकडे न बघता.

नावेत त्या समोर बसल्या. "दादा, माझ्याकडे बघ ना..."

त्याने बघितलं नाही. पाण्यावर वारा सुटला, तसा त्याने कोट काढला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हलकेच पांघरला.

कोट फळीवर टेकला नाही. कुणाच्या तरी इवल्या खांद्यांवर घातल्यासारखा तो अधांतरी राहिला, आणि किनारा येईपर्यंत कुडकुडत होता.