मागच्या गेटचं फुटेज

फुटेज नव्हतं. उपनिरीक्षक अनुष्का ढमालेंनी पुन्हा पुन्हा बघितलं, पण मागच्या गेटच्या जागी काळा चौकोनच दिसत होता.

आदल्या संध्याकाळी भूगावच्या या सोसायटीच्या मागच्या गेटवर एका गाडीने वॉचमन कैलासला उडवलं होतं. तो अजून बेशुद्ध होता.

"कुणी पुसलं?"

सोसायटीचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मन्तशाने स्क्रीनवर बोट ठेवलं. "नोंदीत अ‍ॅडमिन दिसतोय. आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे. पण मॅडम, मी नाही पुसलं. आणि गेलंय तेही फक्त मागच्या गेटचं. बाकी सगळं आहे."

अनुष्काने दार लोटलं. "हे बाहेर बोलायचं नाही. सगळंच गेलं, असं सांगा."

मग मॅनेजर फिरोज आणि सेक्रेटरी दिग्विजयराव आत आले. त्या कॉम्प्युटरवर लॉगिन असलेले आणखी दोघं हेच.

"सगळं फुटेज गेलंय," अनुष्का म्हणाली.

फिरोज मटकन बसला. "सगळंच? मग आता बघणार काय?"

"दिग्विजयराव, तुम्ही?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पासवर्ड हिच्याकडे, हिलाच विचारा. आणि मेन गेटचा कॅमेरा बघा की. दुधाचा टेम्पो दिसेल, त्यानेच उडवलं असणार."

अनुष्का मन्तशाकडे वळली. "पासवर्डशिवाय पुसता येतं?"

"येतं. जुनं फुटेज पुसायला एक स्क्रिप्ट आहे, म्हणजे हुकूम लिहिलेली छोटी फाइल. ती रोज आपोआप चालते, अ‍ॅडमिनच्या पूर्ण अधिकाराने. अशी फाइल अ‍ॅडमिनशिवाय कुणाला बदलता येता कामा नये. मी कुलूप लावणार होते. पण फुटेज किती दिवस ठेवायचं ते कमीजास्त करायला लागतं म्हणून सेक्रेटरीसाहेबांनी लावू दिलं नाही. काल कुणीतरी तिच्यात एक ओळ घुसवली. पुसलं स्क्रिप्टने, नाव लागलं अ‍ॅडमिनचं."

"ओळ हिनेच घातली नसेल कशावरून?" दिग्विजयराव कडाडले.

"जिच्याकडे किल्ली आहे ती खिडकी कशाला फोडेल? हिला थेट पुसता आलं असतं." अनुष्का शांतपणे म्हणाली. "ओ की ठो न कळणारे तुम्ही त्या फाइलमधले दिवस बदलत होता. आणि सगळं गेलं म्हटल्यावर फिरोज खचले. तुम्ही मात्र मेन गेटचा कॅमेरा बघायला सांगितलात. तो शाबूत आहे हे आम्हा दोघींखेरीज फक्त पुसणाऱ्याला माहीत असणार."



"पुसलं मी," दिग्विजयराव शेवटी म्हणाले. "गाडीही माझीच. पण घरात चौघं चालवतात. काल कोण होतं, दाखवा."

अनुष्काने मन्तशाकडे पाहिलं. मन्तशाने नकारार्थी मान हलवली. पुसलेल्या जागेवर नवीन रेकॉर्डिंग चढलं होतं; जुनं परत मिळणार नव्हतं.

दिग्विजयरावांना जीपमध्ये बसवलं. कैलासची आई साळूबाई बाहेर पायरीवर बसली होती.

"घावला व्हय गं?"

"पुसणारा घावला, मावशी."

"आन् माज्या पोराला उडवणारा?"

"कैलासदादा शुद्धीवर आले की सांगतील."

"डाक्टर म्हनत्यात, त्येला काय आठवंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

मन्तशा तिच्याशेजारी पायरीवर बसली.